बुरख्याला मनाई करणारी पाटी आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : माझं सोन्याचांदीचं दुकान आहे. चोरीच्या भीतीने दारावर ‘हेल्मेट, मास्क, बुरखा घालून आत येऊ नये’ अशी पाटी लावली. गेल्या आठवड्यात सेल्समनने बुरखा घातलेल्या एका बाईंना दारातूनच परत पाठवलं. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. लेखी माफी आणि भरपाई मागितली आहे. दुकान माझं, मग नियम माझा चालणार नाही का?

उत्तर : पाटी आजच उतरवा. उतरवण्याआधी फोटो काढा आणि ती जपून ठेवा, म्हणजे पुरावा लपवला असं कुणी म्हणणार नाही.

दुकान तुमचं असलं तरी राज्यघटनेचं कलम 15(2) खासगी दुकानालाही लागू होतं. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाला दुकानात येण्यापासून अडवता येत नाही. कपड्यांचा या यादीत उल्लेख नाही, त्यामुळे चेहरा दिसावा ही तुमची अट मुळात गैर नाही. अडचण ‘बुरखा’ या एका शब्दाची आहे. तो एकाच धर्मातल्या बायकांचा पोशाख आहे, त्यामुळे पाटीचा रोख चेहऱ्यावरून माणसावर गेला.

त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज लगेच काढून घ्या. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसलं जातं, आणि नोटीस आल्यावर फुटेज गेलं तर न्यायालय त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावू शकतं. पुढे ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. फुटेज आधी स्वतः नीट पाहा. हेल्मेट घातलेला पुरुष किंवा तोंडाला ओढणी बांधलेली मुलगी त्याच दिवशी बिनदिक्कत आत आली असेल, तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ हा तुमचा बचाव तिथेच संपला. बहुतेक दुकानदार इथेच अडकतात.

सेल्समन नेमकं काय बोलला ते त्याच्याकडून लिहून घ्या. धर्मावरून किंवा बाई म्हणून अपमानास्पद बोलला असेल, तर प्रकरण पोलिसांत जाऊ शकतं.

नोटिशीचं उत्तर दिलेल्या मुदतीत वकिलामार्फतच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालू नका. माझ्या मते पाटी उतरवल्याचं कळवून मनापासून दिलगिरी व्यक्त करावी. त्या बाईंना रस्त्यावर अपमान सोसावा लागला आहे. मात्र भरपाईचा आकडा आणि कायदेशीर दायित्व मान्य करू नका. तुमचे हक्क राखून हे उत्तर देत असल्याचं त्यात स्पष्ट लिहा.

नव्या पाटीचा मजकूर असा ठेवा : ‘सुरक्षेसाठी प्रत्येक ग्राहकाने प्रवेश करताना एकदा चेहरा दाखवावा. महिलांसाठी महिला कर्मचारी व आडोशाची सोय आहे.’ मग ती सोय खरोखर करा. आडोशात कॅमेरा नको, मोबाइलवर फोटो नको, कपड्याला हात तर अजिबात नको. चेहरा पाहिला की लगेच झाकू द्या. महिला कर्मचारी सुट्टीवर असेल त्या दिवशी कुणाला परत पाठवू नका. दाराजवळच्या काउंटरवर बसवून एका वेळी एकच दागिना दाखवा.