एमआरएल लिफ्ट घेतली तर गच्चीवरची मशिन रूम पाडता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सात मजली जुनी इमारत, गच्चीवरून आठ पायऱ्या चढून जावं लागतं अशी लिफ्टची मशिन रूम आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. आता लिफ्ट बदलायची आहे. मशिन रूम न लागणारी, म्हणजे एमआरएल लिफ्ट घेतली तर ती खोली पाडून गच्ची मोकळी होईल, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. माझं उत्तर आधीच देतो. खोलीच्या भिंती पाडता आल्या, तरी गच्चीवरचा उंचवटा राहणारच. त्यामुळे त्या आशेवर एमआरएल निवडू नका.

त्या आठ पायऱ्या का आहेत ते बघा. शेवटच्या मजल्याच्या फरशीपासून गच्चीच्या स्लॅबपर्यंत साधारण तीन मीटर उंची असते. सेकंदाला एक मीटर वेगाच्या नेहमीच्या लिफ्टला मात्र त्याच फरशीपासून डक्टच्या, म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीच्या, छतापर्यंत साडेचार मीटरच्या आसपास जागा लागते. लिफ्टवाले हिला ओव्हरहेड म्हणतात. कंपनीनुसार आकडा थोडा बदलतो, पण उरलेला दीडेक मीटर डक्ट गच्चीच्या वर काढावाच लागतो. त्या डक्टचं छत हीच मशिन रूमची जमीन. म्हणून पायऱ्या. लिफ्ट गच्चीपर्यंत का येत नाही, हे बऱ्याच जणांना पडणारं कोडंही इथेच सुटतं: तसं करायचं तर हा सगळा डोलारा आणखी एक मजला वर न्यावा लागेल.

इतकी जागा जाते कुठे? केबिनच सव्वादोन मीटरच्या आसपास. तिच्यावर लोखंडी फ्रेमचा आडवा बीम, ज्याला दोर बांधलेले असतात. त्यानंतरची जागा सुरक्षिततेची. समजा, लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबली नाही आणि हद्द ओलांडली की लिफ्ट बंद करणारा वरचा लिमिट स्विचही चालला नाही. तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं काउंटरवेट, म्हणजे केबिनचा तोल साधणारं वजन, खाली पिटमधल्या (डक्टच्या तळाच्या खड्ड्यातल्या) बफरवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या आधारावर टेकतं, त्या बाजूचा दोर सैल पडतो, पुली दोरावरून नुसती घसरते आणि केबिन पुढे ओढली जात नाही. तोवर केबिन जेवढी वर गेलेली असते, तेवढी मोकळी जागा हवी. शिवाय केबिनच्या टपावर मेकॅनिक असू शकतो. तो गच्चीवरून आत उतरत नाही. वरच्या मजल्याचा दरवाजा त्रिकोणी चावीने उघडून टपावर जातो आणि तिथल्या बटणांनी लिफ्ट हळूहळू चालवत काम करतो. लिफ्ट शेवटपर्यंत वर गेली तरी त्याला अंग चोरून बसता येईल एवढी जागा उरलीच पाहिजे. एमआरएलमध्येही केबिन, काउंटरवेट आणि टपावरचा माणूस हे सगळं तसंच असतं, वर मशीनही डक्टच्या माथ्यालाच बसवतात. काही मॉडेल्समध्ये ओव्हरहेड थोडं कमी असतं, पण गच्चीच्या स्लॅबखाली ते मावणार नाही.

सिनेमात डक्टमधून चढून थेट गच्चीवर निघतात, तशी वाट इथे नसते. मशिन रूमच्या जमिनीत दोर जाण्यापुरत्या चिंचोळ्या खाचा असतात, बस्स. पुढच्या वेळी मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्यासोबत जाऊन त्या खाचा जरूर बघा. त्यांच्या भोवती दोनेक इंचांचा उंच काठ आहे का? तो पाना, नट किंवा सांडलेलं तेल खाली जाऊ नये म्हणून असतो. सात मजल्यांवरून पडलेला नट खाली पिटमध्ये काम करणाऱ्याच्या डोक्यात बसला तर काय होईल, वेगळं सांगायला नको. दोरांवर रंगाच्या खुणाही दिसतील. केबिन मजल्याच्या पातळीला आली की त्या ठरलेल्या जागी जुळतात. वीज तोडून, ब्रेक सोडून, हाताने चाक फिरवत अडकलेल्यांना काढताना मेकॅनिक त्याच खुणा बघतो. एक गोष्ट अनेकांना पटत नाही, पण खरी आहे: रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सोडला तर ती खाली येत नाही, वर जाते. कारण काउंटरवेट केबिनच्या वजनाहून जड असतं, लिफ्टच्या क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांनी. म्हणूनच हे काम वॉचमनने किंवा उत्साही सभासदाने करू नये.

आता तुमच्या इमारतीतली मला खरी चिंता वाटणारी गोष्ट, ती टाकी. खाली कंट्रोल पॅनेल आणि वर हजारो लिटर पाणी, ही रचना मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींत सर्रास दिसते आणि मला ती अजिबात आवडत नाही. टाकी वाहिली किंवा तिचा तळ झिरपला की पाणी पॅनेलवर येतं, नाहीतर खाचांतून केबिनच्या टपावरच्या वायरिंगवर. दुसरी नाजूक जागा म्हणजे गच्चीचा स्लॅब आणि वर आलेली डक्टची भिंत यांचा सांधा. तिथे कोब्याचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार, नीट काढलेला नसेल तर जून-जुलैत पाणी भिंतीतून डक्टमध्ये उतरतं आणि शेवटच्या मजल्यावर लिफ्टच्या दरवाज्याशेजारी ओल दिसू लागते. लिफ्टला हात लावण्याआधी हे दोन्ही दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवं पॅनेलही पहिल्याच पावसाळ्यात जाईल.

आणि खोली पाडायचा विचार तर सोडूनच द्या. टाकीचं वजन त्या भिंती-बीमवर आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय तिथे घण लावू देऊ नका. त्यापेक्षा आहे त्या खोलीत नवी गिअरलेस मशीन आणि नवं पॅनेल बसवा. जुन्या गिअरच्या मशीनपेक्षा वीज कमी लागते, आवाज कमी, गिअरच्या तेलाची कटकट नाही. एमआरएल वाईट नाही. कोने या फिनलंडच्या लिफ्ट कंपनीने १९९६मध्ये मोनोस्पेस ही एमआरएल लिफ्ट आणली तेव्हापासून जगभर अशा लिफ्ट चालतात आणि जिथे खोलीच नाही तिथे त्या उत्तमच. पण तुमच्याकडे खोली तयार आहे. तिच्यात मेकॅनिक उजेडात, उभं राहून, पायाखाली पक्की जमीन असताना काम करतो. एमआरएलमध्ये मशीनचं बरंचसं काम त्याला केबिनच्या टपावरून करावं लागतं.

त्या खोलीत गणपतीचं मखर, रंगाचे डबे वगैरे ठेवलं असेल तर आजच काढा. दार बाहेर उघडणारं आणि कुलूपबंद हवं, किल्ली वॉचमनकडे. खिडक्यांना पाऊस आत न येणाऱ्या तिरक्या पट्ट्या आणि कबुतरांसाठी जाळी लावा, पण हवा कोंडू देऊ नका, आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं की इलेक्ट्रॉनिक पॅनेल बंद पडायला लागतात.

शेवटचं, परवानगी. महाराष्ट्रात १९३९च्या मुंबई लिफ्ट अधिनियमाच्या जागी आता २०१७चा अधिनियम आहे. लिफ्ट बसवण्याआधी परवानगी आणि बसवल्यावर चालवण्याचा परवाना लागतो. हे दोन्ही कुणी आणायचं, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि हो, कोटेशनसोबत डक्टचा उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग मागा. त्यात तुमच्या गच्चीची पातळी आणि ओव्हरहेड दोन्ही दिसतील. तेच सभेत सगळ्यांसमोर ठेवा.