लावणीच्या इतिहासावर कॉलेजसाठी चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचा आहे, बजेट पंधरा हजार. नियोजन कुठून सुरू करावं?

चार मिनिटांत पेशवाईपासून आजपर्यंतचा इतिहास मावत नाही. एक लावणी मावते. तेवढीच घ्या, तीही बैठकीची, म्हणजे बसून अदा करत गायची.

खडूसपणे लिहितोय, कारण मास कॉमला आमच्या गटाने हाच विषय घेतला होता. आवाजाचं काम माझ्याकडे, दिग्दर्शन आणि एडिटिंग दुसऱ्याकडे (आता तो जाहिराती करतो, जोरात आहे). उमेदीची वर्षं संगीत बारीत (लावणीच्या नाचगाण्याची पार्टी) काढलेल्या एक बाई आमच्यासाठी गायला तयार झाल्या. साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. बसूनच गाणार म्हटल्यावर दिग्दर्शक साहेबांचं तोंड उतरलं. "बसून? मग यात लावणी कुठाय?" बाईंनी ऐकलं. पेटी मास्तरांकडून सूर घेतला आणि एकच ओळ धरली. आधी रुसवा, मग टोमणा, मग सरळ आमंत्रण. भुवई आणि पदराचं टोक, बाकी काही हललं नाही. ढोलकीवाला पोरगा बघता बघता थाप विसरला.

फायनल कटमध्ये काय उरलं? दर दोन सेकंदांना कट, घुंगरू, कंबर (ती वर्गातल्या एका मुलीची), परत घुंगरू. बाईंचा चेहरा औषधापुरता. मी म्हटलं, अरे, ओळ तीच आणि दर वेळी अर्थ नवा, हीच तर बैठकीची लावणी; तू अर्थ पालटायच्या आधीच कापतोस. तो म्हणाला, इतका वेळ कोण बघत बसणार? २०१२ साली लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी त्याला मुद्दाम बातमी पाठवली. 'छान' एवढंच उत्तर आलं.

तर नियोजन. आवाज आधी. लावणीची लय चढत जाते, त्यामुळे वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडायला गेलात की ढोलकी तुम्हाला उघडं पाडते. सलग एका दमात रेकॉर्ड करा, तेच स्पीकरवर लावून शूट करा, आणि दर वेळी अख्खं गाणं. ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० वर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकेल. पगड्या आणि पेशवाई अंगरखे भाड्याने आणू नका, स्नेहसंमेलन वाटतं. ते पैसे गाणाऱ्या बाई, ढोलकी आणि पेटीला द्या. शूटच्या आधी द्या.

इतिहास हवाच असेल तर पेशवाईतल्या शाहीर होनाजी बाळापासून सुरुवात करा. तो एक माणूस नव्हे, जोडी: होनाजी शिलारखाने लिहायचा, बाळा करंजकर गायचा. 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही भूपाळी होनाजीचीच, म्हणजे सकाळी देवघरात ज्याचे शब्द आणि रात्री तमाशाच्या फडात लावणीलाही त्याचेच. एवढ्या एका गोष्टीवर तुमचा व्हिडिओ उभा राहील. शब्द जरा अलीकडचे हवे असतील तर शाहीर पठ्ठे बापूराव. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, फडात शिरले आणि तिथलेच झाले. ते १९४५ साली गेले. आपल्याकडे कॉपीराइटचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे त्यांचे शब्द वापरायला मोकळे आहेत. मात्र त्यांना नंतर कुणी दिलेली चाल किंवा कुणाचं रेकॉर्डिंग उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो.

आणि हो, खडी (उभ्याने नाचत सादर होणारी) लावणी हलकी असं मी म्हणत नाही. नाचणाऱ्यांच्या मेहनतीला तोड नाही, आणि तुमच्याकडे तशी कलाकार असेल तर खुशाल घ्या. पण मग तिचे पाय आणि ढोलकीवाल्याचे हात एकाच फ्रेममध्ये दिसू द्या, कारण सवाल-जवाब त्यांच्यात चाललेला असतो. आणि कुठे तरी एक मिनिटभराचा न कापलेला शॉट ठेवा. एडिटर कुरकुरला तर हे उत्तर दाखवा.

आम्हाला बी ग्रेड मिळाला होता. परीक्षकांचा शेरा होता: आवाज उत्तम.