ब्रिटनमध्ये कंपनीने सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट हातात दिलंय, म्हणजे पैसे घेऊन कंपनीविरुद्धचे दावे सोडून देण्याचा करार. सहीआधी वकिलाला दाखवणं ही नुसती औपचारिकता असते का?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. ब्रिटनमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं नोकरी, वय 34, स्किल्ड वर्कर व्हिसा, कर कापण्याआधी महिना 4,000 पौंड पगार, करारात तीन महिन्यांची नोटीस, दहा दिवसांची रजा शिल्लक. पद रद्द होतंय असं सांगून कंपनी एकूण 20,000 पौंड 'टॅक्स-फ्री' देते आहे, सही झाली की नोकरी लगेच संपणार, आणि सही सात दिवसांत हवी. एचआर म्हणतं वकिलाची सही ही औपचारिकता आहे, त्यांच्या माहितीतला सॉलिसिटर (अशिलाला थेट सल्ला देणारा वकील) अर्ध्या तासात काम उरकेल आणि 500 पौंड फी कंपनी भरेल.

औपचारिकता अजिबात नाही. तो वकील कंपनीला हवा आहे, तुमच्यापेक्षा जास्त. एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट 1996 च्या कलम 203 प्रमाणे, ट्रायब्युनलकडे (नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयाकडे) जाण्याचा कायद्याने दिलेला हक्क सोडतो असं कर्मचाऱ्याने नुसतं लिहून दिलं तर ते लिखाण रद्दबातल ठरतं. अपवाद म्हणजे ठरावीक अटी पाळून केलेला करार. करार लेखी हवा, कोणते दावे सोडले जातायत ते त्यात नेमकं सांगितलेलं हवं, त्या अटींचा अर्थ आणि परिणाम कर्मचाऱ्याला स्वतंत्र सल्लागाराने समजावलेला हवा, त्या सल्लागाराचा व्यावसायिक विमा हवा, त्याचं नाव करारात हवं आणि या अटी पूर्ण झाल्याचं वाक्यही हवं. यातलं एक राहिलं तरी कंपनीने पैसे मोजून विकत घेतलेली शांतता टिकत नाही. म्हणून कंपन्या फी भरतात. कायद्याने त्यांच्यावर ती सक्ती नाही, पण बहुतेक भरतात.

'स्वतंत्र' म्हणजे त्या प्रकरणात कंपनीचं काम न करणारा. सॉलिसिटर चालतो, बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) चालतो, युनियनने अधिकृत केलेला पदाधिकारी किंवा सल्ला केंद्राचा अधिकृत सल्लागारही चालतो. एचआरने सुचवलेला माणूस कायद्यात बसू शकतो, पण मी तुम्हाला त्याच्याकडे जायला सांगणार नाही. ज्याला पुढचं काम त्याच कंपनीकडून मिळणार आहे, तो तुमच्यासाठी किती ताणून धरेल? निवड तुमची असते. फक्त नोकरीविषयक कायद्याचंच काम करणारा आणि कर्मचाऱ्यांची बाजू घेणारा सॉलिसिटर शोधा, तो सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नोंदीत आहे का ते बघा. घर किंवा घरसामानाच्या विमा पॉलिसीत कायदेशीर खर्चाचं संरक्षण आहे का तेही चाळा. पुष्कळांच्या पॉलिसीत ते असतं आणि लक्षात नसतं.

फीबद्दल पहिल्याच फोनवर विचारा: 500 पौंडांत नेमकं काय येतं? बहुतेक ठिकाणी त्यात करार वाचणं, समजावणं आणि सल्ला दिल्याच्या प्रमाणपत्रावर सही एवढंच बसतं. कंपनीशी पत्रव्यवहार करून रक्कम वाढवून घेणं हे वेगळं काम, त्याचे तासाप्रमाणे पैसे पडतात. गुंतागुंत दिसली तर वकील स्वतःच कंपनीकडे फीची रक्कम वाढवून मागतो, आणि ती अनेकदा मिळते. देकारातून टक्केवारी मागणाऱ्यापासून मात्र जपून. जे कंपनी आधीच द्यायला तयार आहे त्यातला हिस्सा त्याला का द्यायचा?

आता मुख्य मुद्दा, तुमच्या 20,000 मध्ये खरं नवं किती आहे?

तीन महिन्यांची नोटीस न देता नोकरी संपवायची तर त्या तीन महिन्यांचा पगार तुम्हाला नोकरीच्या करारानेच मिळायला हवा. झाले 12,000. पद खरोखर रद्द होत असेल तर दोन वर्षं पूर्ण झालेल्याला कायद्याने रिडंडन्सी पे, म्हणजे पद गेल्याची भरपाई, मिळतो. वयाच्या 22 ते 40 मधल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार, पण आठवड्याच्या पगाराला सरकारी कमाल मर्यादा असते, ती दर एप्रिलला बदलते आणि सध्या 700 पौंडांच्या थोडी वर आहे. चार वर्षांचे सुमारे 3,000 धरा. शिल्लक रजेचे दहा दिवस म्हणजे वर्षाचे 48,000 भागिले 260 कामाचे दिवस, गुणिले दहा, साधारण 1,846. बेरीज करा: 16,800 पेक्षा जास्त रक्कम सही न करताही तुमचीच आहे. उरले जेमतेम 3,150 पौंड. तुमचे सगळे दावे सोडून देण्याची किंमत कंपनीने तेवढीच लावली आहे. वकिलासमोर हाच आकडा ठेवून बोला, 20,000 चा नको.

त्या तीन हजारांच्या बदल्यात काय सोडताय, हे वकिलाने तुम्हाला सांगायचं असतं. निवडप्रक्रिया निष्पक्ष होती का, सल्लामसलतीच्या बैठका झाल्या का, दुसरं पद देऊ केलं का, तुमचंच काम दुसऱ्या नावाने कुणाला दिलं का? वंश, लिंग, गरोदरपण, अपंगत्व, वय अशा कारणाचा वास येत असेल तर गणित पूर्ण बदलतं, कारण भेदभावाच्या दाव्यात भरपाईला कमाल मर्यादा नाही आणि किती वर्षं नोकरी झाली याचीही अट नाही. वकिलाला हे आपणहून कळणार नाही. घटना तारखांसकट एका पानावर लिहून न्या.

'टॅक्स-फ्री' हा शब्दही तपासायला हवा. नोकरी संपल्याबद्दल दिलेल्या भरपाईचे पहिले 30,000 पौंड करमुक्त असतात हे खरं. पण नोटिशीऐवजी दिलेला पगार त्यात बसत नाही. 6 एप्रिल 2018 पासून त्याला कोणतंही नाव दिलं तरी नोटिशीच्या काळाएवढा मूळ पगार करपात्रच धरला जातो. रजेचे पैसे, राहिलेला पगार आणि बोनसही करपात्र. म्हणजे तुमच्या 20,000 पैकी सुमारे 13,850 वर इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा हप्ता) लागणार, करमुक्त राहणार ते 6,150 च्या आसपास. करारात बहुधा एक कलम असतं की पुढे करखात्याने जास्त कर मागितला तर तो कर्मचाऱ्याने भरायचा. कंपनीने सगळी रक्कम करमुक्त म्हणून दिली आणि ते कलम तुमच्या सहीखाली असेल, तर चूक त्यांची आणि वसुली तुमच्याकडून. म्हणून प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत मागा: पगार, नोटीस, रजा, रिडंडन्सी, आणि त्यावरची भरपाई. मोठ्या रकमेत भरपाईचा काही भाग कंपनीने थेट पेन्शनमध्ये भरावा हाही मार्ग असतो, तुमच्या आकड्यांत त्याची गरज नाही.

व्हिसाचा विचार रकमेइतकाच महत्त्वाचा, आणि नोकरीकायद्याचा वकील तो दर वेळी आपणहून काढेलच असं नाही. नोकरी संपल्यावर स्पॉन्सर कंपनीने, म्हणजे जिच्या नोकरीवर तुमचा व्हिसा आहे तिने, दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवायचं असतं. त्यानंतर साधारणपणे तुमचा मुक्काम 60 दिवसांवर आणला जातो, मूळ मुदत त्याहून कमी उरली असेल तर तेवढाच. त्या काळात नव्या स्पॉन्सरकडून अर्ज दाखल व्हायला हवा. त्यामुळे नोटिशीचे पैसे घेऊन लगेच बाहेर पडण्यापेक्षा त्याच तीन महिन्यांची गार्डन लीव्ह मागणं तुमच्यासाठी कितीतरी चांगलं. काम करायचं नाही, पण नावाने नोकरीत, पगार दरमहा, पेन्शनचा भरणा चालू, रजा साठत राहते आणि व्हिसाचं घड्याळ तीन महिने उशिरा सुरू होतं. कंपनीला याचा जास्तीचा खर्च फारसा पडत नाही, म्हणून ही मागणी मान्य होण्याची शक्यता चांगली असते. मी तुमच्या जागी असतो तर रकमेआधी हीच मागितली असती. व्हिसाचा खर्च शेवटच्या पगारातून कापण्याचं कलम दिसलं तर तेही दाखवा. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कामगार घेतल्याबद्दलचं सरकारी शुल्क) तर कंपनीने भरायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही.

बाकी कलमांत माणसं कुठे अडकतात ते थोडक्यात. 'मला दुसऱ्या नोकरीचा देकार मिळालेला नाही' असं वाक्य अनेक करारांत घातलेलं असतं. तुमच्या हातात देकार असेल तर तशी सही म्हणजे खोटं विधान, आणि रक्कम परत मागायला कंपनीला कारण. गुप्ततेच्या कलमात जोडीदार, वकील, डॉक्टर, करसल्लागार यांना सांगायची मोकळीक लिहून घ्या, आणि नव्या नोकरीच्या मुलाखतीत नोकरी का संपली ते सांगण्यापुरतं एक ठरलेलं वाक्यही. गुन्हा किंवा गैरप्रकार योग्य ठिकाणी उघड करण्याचा संरक्षित हक्क अशा कलमाने काढून घेता येत नाही. 'बदनामी करणार नाही' हे वचन फक्त तुमच्याकडून घेतलेलं असतं, ते दोन्ही बाजूंनी मागा. शिफारसपत्राचा मजकूर शब्दशः करारालाच जोडून घ्या, 'देऊ' या आश्वासनावर थांबू नका. स्पर्धक कंपनीत न जाण्याची जुनी बंधनं या करारात पुन्हा ताजी केली आहेत का, आणि गार्डन लीव्हचा काळ त्यातून वजा होतो का, हे पाहा. शेअर मिळालेले असतील तर तुम्हाला 'गुड लीव्हर' (चांगल्या कारणाने गेलेला, म्हणून शेअर राखू शकणारा) धरलंय का आणि पुढची व्हेस्टिंगची, म्हणजे शेअर पक्के तुमचे होण्याची, तारीख नोकरी संपण्याआधी येते की नंतर, एवढ्या फरकाने हजारो पौंड इकडचे तिकडे होतात.

सही आणि नोकरीचा शेवट यांत अंतर असेल, गार्डन लीव्हमध्ये ते असेलच, तर कंपनी शेवटच्या दिवशी दुसरी सही मागू शकते. त्या वेळी वकिलाच्या दुसऱ्या प्रमाणपत्राची फी कोण देणार ते आत्ताच लिहून घ्या. पैसे कोणत्या तारखेपर्यंत येतील तेही.

वकिलाकडे जाताना कराराचा मसुदा, नोकरीचा करार आणि त्यातले नंतरचे बदल, शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या, बोनस आणि शेअरची पत्रं, रिडंडन्सीबाबत आलेल्या ईमेल, आणि व्हिसाची संपण्याची तारीख न्या. कागद आदल्या दिवशी पाठवले तर भेटीचा वेळ वाचण्यात जात नाही. कंपनीच्या लॅपटॉपवरून किंवा ईमेलवरून यातलं काही पाठवू नका. गोपनीय कागद स्वतःच्या ईमेलवर पाठवणंही टाळा, त्याचंच निमित्त करून देकार मागे घेतला जाऊ शकतो.

सात दिवसांची घाई मानायची गरज नाही. एकास या सरकारी सलोखा संस्थेची सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटबद्दलची आचारसंहिता किमान दहा कॅलेंडर दिवस द्यावेत असं सांगते. मात्र दुसरं घड्याळ विसरू नका: बोलणी चालू असली तरी ट्रायब्युनलच्या दाव्याची मुदत थांबत नाही. ती आजवर तीन महिन्यांतून एक दिवस कमी अशी राहिली आहे आणि कायद्यात ती बदलते आहे, म्हणून तुमच्या तारखांना कोणती लागू होते ते वकिलाकडून लेखी घ्या. दाव्याआधी एकासकडे नोंद करावी लागते, ती त्या मुदतीच्या आत.

आज एचआरला एवढंच लिहा: 'मसुदा मिळाला. मी माझ्या पसंतीच्या स्वतंत्र सॉलिसिटरचा सल्ला घेत आहे. आचारसंहितेप्रमाणे दहा दिवसांची मुदत मिळावी, आणि देय रकमांचा करासहित तपशील वेगवेगळ्या ओळींत पाठवावा.' पटतंय, मान्य आहे, आभारी आहे, असं काहीही त्यात लिहू नका. गार्डन लीव्हची मागणी सॉलिसिटरच्या पत्रातून जाऊ द्या.