'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर': साठाव्या सेकंदाचा जोड

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बीटल्स या ब्रिटिश बँडचं हे गाणं नशेवर आहे का, आणि मिनिटभरानंतर गाणाऱ्या जॉन लेननचा आवाज एकदम जड का होतो?

पहिल्याचं उत्तर माझ्या मते 'नाही'. लेनन त्या काळात एलएसडी घेत होता आणि गाण्याच्या एकूण नादावर त्याची छाया आहेच. पण शब्द लहानपणाचे आहेत. लिव्हरपूलच्या वुल्टन भागात स्ट्रॉबेरी फील्ड नावाचं साल्व्हेशन आर्मीचं अनाथालय होतं. आईवडिलांपासून दूर, मिमी मावशीकडे वाढलेला जॉन तिथल्या झाडीत खेळायचा. उन्हाळ्यात तिथे जत्रा भरायची. बँडचा आवाज आला की तो मावशीच्या मागे लागायचा, चल लवकर म्हणून. आपल्या झाडावर दुसरं कुणीच नाही, या अर्थाची ओळ गाण्यात आहे. सगळ्यांपेक्षा वेगळा असलेला मी वेडा की अलौकिक, हा लहानपणीचा प्रश्न त्या ओळीत असल्याचं त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितलं. १९६६च्या ऑगस्टमध्ये बीटल्सचे दौरे कायमचे थांबले आणि लेनन एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी स्पेनमध्ये अल्मेरियाला गेला. गाणं तिथे सुचलं.

आता आवाजाचं. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. सातवा टेक, म्हणजे मुद्रणाचा सातवा प्रयत्न, हळुवार होता. सुरुवातीची बासरी मेलोट्रॉनची, म्हणजे प्रत्येक पट्टीखाली आधीच मुद्रित केलेल्या सुराची टेप असणाऱ्या वाद्याची; ती बँडमधल्या पॉल मॅकार्टनीने वाजवली. लेननला पुढे काहीतरी दणकट हवंसं वाटलं. मग बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने चार ट्रम्पेट आणि तीन चेलो लिहून दिले, आणि सव्विसाव्या टेकवर ते चढले. लेननला मात्र एकाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्ही जोडा म्हणाला. लय वेगळी, पट्टी वेगळी!

नशीब असं की नंतरचा टेक जलद होता आणि वरच्या पट्टीतही होता. टेपचा वेग कमी केला की लय आणि सूर दोन्ही एकदम उतरतात. त्यामुळे ती टेप हळू चालवल्यावर दोन्ही भाग जवळजवळ जुळले. ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने टेप सरळ न कापता लांब तिरकी कापली, म्हणजे एक नाद दुसऱ्यात अलगद मिसळतो. हे झालं २२ डिसेंबरला. बरोबर मिनिटाला 'कॉज आय एम' आणि 'गोइंग टू' यांच्या मधे कान लावा, जोड सापडेल. तिथून पुढचा आवाज मंदावलेल्या टेपवरचा आहे, म्हणून तो तसा जड आणि झोपेतल्यासारखा.

जोडानंतर थोड्याच वेळात वरून खाली ओघळणारी एक तान येते. ती बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसनने छेडलेल्या स्वरमंडळाची. शास्त्रीय गायकांच्या मांडीवर आपण जे बघतो, तेच. आपल्याकडच्या कितीतरी ऐकणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फेब्रुवारी १९६७मध्ये बीटल्सच्याच 'पेनी लेन' या गाण्यासोबत ही तबकडी निघाली आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकली. वर गायक एंगलबर्ट हम्परडिंक होता. एकल तबकडी म्हणून निघाल्यामुळे 'सार्जंट पेपर' या त्यांच्या पुढच्या अल्बममध्ये हे गाणं घेतलं नाही, आणि मार्टिनने ती आपली सर्वांत मोठी चूक मानली. मीही मानतो.

१९९६च्या 'अँथॉलॉजी २' या बीटल्सच्या संग्रहात पहिला टेक आहे. त्यात गाणं ध्रुवपदाने नव्हे, कडव्याने सुरू होतं. आधी तो ऐका, मग हे पुन्हा लावा.