मागणी घटली, मग विजेचा दर का चढला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ऑर्डरी निम्म्यावर आल्यात, मशिनं एकाच पाळीत चालतात. वापरलेले युनिट कमी झाले, पण एकूण बिलाला युनिटने भागलं तर दर आधीपेक्षा जास्त येतो. मंदीत मागणी घटली की माल स्वस्त होतो, मग वीज का होत नाही? तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना दोघांनी मीटरवर संशय घेतलाय. मीटर तपासून घ्या, पण तुम्ही सांगताय तसं बिल चांगल्या मीटरवरही येतं.

बाजारात वीज स्वस्त होतेच. एप्रिल 2020 आठवा. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद होते. देशाचा विजेचा वापर त्या महिन्यात सुमारे 85 अब्ज युनिट झाला. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो 110 अब्ज होता. ऊर्जा एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या रोजच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, युनिटचा सरासरी भाव अडीच रुपयांच्याही खाली आला. पण महावितरण आपली बहुतेक वीज एक्स्चेंजवरून घेत नाही, वीस-पंचवीस वर्षांच्या करारांतून घेते. त्या करारांत दोन भाग असतात: वीजकेंद्र तयार ठेवल्याबद्दलचा स्थिर आकार आणि प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाचा आकार. मागणी घटली की 'मेरिट ऑर्डर'प्रमाणे महागडे संच आधी बंद करतात. परळी, नाशिक ही केंद्रं कोळशाच्या खाणींपासून लांब, म्हणून त्यांच्यावर ही वेळ लवकर येते. संच बंद झाला की कोळशाचा खर्च वाचतो. कर्जाचे हप्ते, घसारा, पगार, देखभाल यांचा स्थिर आकार मात्र संच चालवायला तयार आहे एवढ्यावरच द्यावा लागतो.

हिशेब मांडून बघा. समजा स्थिर खर्च महिन्याला 100 कोटी रुपये आहे आणि विक्री 50 कोटी युनिट. म्हणजे युनिटमागे 2 रुपये. विक्री 40 कोटी युनिटवर आली की तोच खर्च युनिटमागे अडीच रुपये होतो. तारा, रोहित्रं, उपकेंद्रं यांचंही तेच. मंदीत लाइनचा खर्च निम्मा होत नाही.

आता यात महाराष्ट्राची खास अडचण मिसळा. आपल्याकडे उद्योग आणि व्यापारी ग्राहक पुरवठ्याच्या खर्चापेक्षा जास्त दर देतात. त्या जादा पैशातून शेतीपंपांचा आणि कमी वापराच्या घरांचा दर खाली ठेवला जातो. मंदीत घटतो तो नेमका उद्योगांचा वापर. पंप चालूच राहतात, घरातले पंखे चालूच राहतात. म्हणजे जास्त पैसे देणारा ग्राहक कमी होतो आणि कमी देणारा टिकतो. भरीला थकबाकी वाढते. माझ्या मते दर चढण्याचं हे कारण स्थिर आकाराइतकंच मोठं आहे, आणि त्याबद्दल उघड बोलायला कुठलाही पक्ष तयार नसतो.

तूट लगेच बिलात दिसत नाही, यानेही लोक फसतात. मे 2020 मध्ये केंद्राने वितरण कंपन्यांसाठी 90,000 कोटींची रोकड जाहीर केली. ती पीएफसी आणि आरईसी या सरकारी वित्तकंपन्यांमार्फत दिलेली कर्जं होती, म्हणजे व्याजासकट फेडायची. प्रत्यक्ष खर्च आणि वसुली यांचा मेळ वीजदर ठरवणारा राज्याचा नियामक आयोग नंतर घालतो. 2020-21 चा हिशेब मार्च 2023 च्या मध्यावधी आढाव्यात आला. मंदी संपून दोन वर्षं झाली, कारखाने पुन्हा तीन पाळ्यांत गेले, तेव्हा जुनी तूट दरात उतरते.

आणि एक्स्चेंजच्या स्वस्ताईवर विसंबून करार सोडावेत, असं कुणी म्हणालं तर तेही पटत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मागणी परत आली, वीजकेंद्रांतला कोळसा कमी पडला आणि ज्या एक्स्चेंजवर दीड वर्षापूर्वी अडीच रुपयांना वीज होती, तिथे काही वेळांना 20 रुपये भाव गेला. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने 12 रुपयांची कमाल मर्यादा घातली. करार हवेतच, प्रश्न किती आणि कोणत्या अटींवर हा आहे. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आपण पाहिलाय: पहिला 740 मेगावॉटचा टप्पा 1999 मध्ये सुरू झाला. वीज कमी उचलली तरी क्षमता आकार चालूच राहायचा, त्यामुळे वीज जितकी कमी उचलली, तितकं प्रत्येक युनिट महाग पडायचं. मे 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. मागणीचा अंदाज फुगवून केलेल्या कराराचं ओझं मंदीत दुप्पट जाणवतं, आणि मला या विषयात सर्वांत जास्त राग येतो तो याचाच.

आता तुमच्या बिलाकडे. डिमांड चार्जेसची, म्हणजे एका वेळी लागणाऱ्या कमाल विजेच्या आकाराची, ओळ बघा. प्रत्यक्ष मागणी कितीही खाली गेली तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (महावितरणशी ठरलेल्या कमाल मागणीच्या) ठराविक टक्क्यांवर आकारणी होते, आणि एचटी (उच्चदाब) जोडणी असेल तर मागच्या महिन्यांतला उच्चांकही धरला जातो. ऑर्डरी सहा महिने परत येणार नाहीत अशी खात्री असेल, तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करण्याचा अर्ज करा. दोन महिन्यांची सुस्ती असेल तर करू नका, पुन्हा वाढवताना पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 1 एप्रिल 2020 पासून एचटी ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) बिघडला की त्याच कामाला जास्त युनिट पडतात. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी पूर्ण लोडच्या हिशेबाने बसवलेली कपॅसिटर बँक कायम जोडलेली असली की निम्म्या लोडवर कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होतात, पॉवर फॅक्टर उलट बाजूला (लीडिंगला) जातो आणि वापरापेक्षा जास्त केव्हीएएच नोंदले जातात. इलेक्ट्रिशियनकडून काही कपॅसिटर उतरवून घ्या किंवा लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं एपीएफसी पॅनेल बसवा. सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद असतानाही बँक जोडलेली राहत नाही ना, ते आधी पाहा.

आणि आयोगाची पुढची जाहीर सुनावणी लागेल तेव्हा शिरोलीतल्या चार-पाच जणांनी मिळून लेखी हरकत द्या. 'दर परवडत नाहीत' एवढंच लिहू नका. कोणत्या बंद संचांपोटी किती स्थिर आकार दिला आणि मागणीचा अंदाज किती चुकला, हे आकडे मागा. महावितरणला हरकतीचं उत्तर लेखी द्यावं लागतं. बिलाची दोन्ही पानं नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून इथे टाकलीत तर डिमांडचा हिशेब ओळीओळीने बघून सांगतो.