खोली तिची, जी तिथे रोज बसते

सातारा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दिवाणखान्यातला सोफा हलवून तिथे तुझ्या कामाची आणि गल्लीतल्या पोरींच्या अभ्यासाची खोली करायची म्हणतेस, आणि बाबा नको म्हणतात. सगळं वाचलं, पण अडकले एकाच वाक्यावर. 'मावशी, बाबांचं म्हणणंही बरोबर वाटतं गं.' आधी त्यावर बोलू, मग खोलीकडे येऊ.

बाबांचं म्हणणं काय, तर दिवाणखाना म्हणजे घराचा मान. आलं-गेलं तर बसवायचं कुठे? उद्या तुला बघायला पाहुणे आले तर ते काय बाकांवर बसतील? यातलं नेमकं काय बरोबर वाटलं, ते तू लिहिलेलं नाहीस. वर्षभरात त्या खोलीत कोण बसलं ते मात्र लिहिलं आहेस. गौरींचं हळदीकुंकू झालं, पुण्याचे काका येऊन गेले, कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला बँकेचा माणूस आला. बाकी दिवस दार ओढलेलं, खिडक्या बंद, सोफ्यावर चादर. आणि तू कंपनीचं काम स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून करतेस, फोनवर बोलताना कुकरची शिट्टी झाली की साहेबाची माफी मागतेस. गल्लीतल्या त्या तिघी-चौघी दहावीचा अभ्यास जिन्याच्या पायऱ्यांवर करतात. त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठी ही खोली मागितलीस, तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

खोली तिची, जी तिथे रोज बसते. माझं म्हणणं एवढंच आहे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कारण एकदा सांगून ते तुझ्या मनात उतरेल असं दिसत नाही.

बाबा परंपरा म्हणतात ती किती जुनी, हे त्यांना एकदा विचार. आमच्या आजोळी वाड्याच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, गादी, लोड आणि तक्के असायचे. सकाळी गावचे चार लोक आजोबांकडे येऊन बसत. दुपारी गादी गुंडाळून भिंतीला लागायची आणि त्याच जागी बायका गहू निवडायला, उन्हाळ्यात शेवया करायला बसायच्या. श्रावणात तिथे पोथी, कार्य निघालं की पंगत, रात्री आम्हा पोरांची अंथरुणं. पाहुण्याला जागा होती, त्याच्या नावाची खोली नव्हती. पुढे घराघरांत सोफासेट आला, टीपॉय आलं, काचेचं शोकेस आलं. रोज उचलून ठेवता येत नाही असं सामान आलं आणि खोली त्या सामानाची झाली. बाबा जपताहेत ती परंपरा त्या सोफ्याहून फारशी जुनी नाही.

आणि तुमच्या सांगलीच्या गावभागात, नदीकाठी राहून सोफ्याचा मान कसला सांगता? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तुमचा पहिला सोफा त्या पाण्यात गेला. त्याच्यावर कोण किती वेळा बसलं होतं? तरी चिखल उपसून, भिंती धुऊन झाल्यावर बाबांनी त्याच जागी नवा सोफा आणला आणि त्याच्यावर पुन्हा चादर घातली. मी तेव्हा आले होते. तुझी आई जमिनीवर बसून भिजलेल्या वह्या वाळवत होती आणि नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक कुणी काढू देत नव्हतं. मला ते अजून सहन होत नाही.

यापुढचं मी सहसा कुणाला सांगत नाही.

वडिलांनी कराडला नवं घर बांधलं तेव्हा पुढे बैठकीची खोली केली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या जानव्याला. माझी थोरली बहीण, ताई, त्या वर्षी मॅट्रिकला होती. आम्ही भावंडं, आजी, आला-गेला, सगळे मागच्या दोन खोल्यांत. ताई चुलीपाशी कंदील घेऊन बसायची. भाकरी झाल्या की चूल सारवायची वेळ व्हायची, मग ती उठायची. आजी झोपली की कंदील बारीक करायचा. तिने एकदा वडिलांना विचारलं, रात्री दोन तास पुढे बसू का? वडील वाईट नव्हते. ते म्हणाले, खोली खराब होईल, उद्या कुणी आलं तर? ताई गणितात नापास झाली. पुढच्या मार्गशीर्षात तिचं लग्न लागलं, आणि ज्या पाहुण्यांसाठी खोली राखली होती ते तिला बघायला त्याच खोलीत बसले. ती तिथे पहिल्यांदा गेली ती चहा-पोहे घेऊन.

ताई खोलीमुळे नापास झाली असं म्हणू नये, असं मला लोक सांगतात. मी म्हणते. आयुष्यभर म्हणत आले आहे. पोर हुशार होती, गणितं मला तीच शिकवायची. तिला दिवा होता, पुस्तक होतं, जागा नव्हती, आणि रिकामी जागा कुलपात होती.

म्हणून मी लग्न होऊन साताऱ्यात आले, शाळेत नोकरी लागली आणि घर आमच्या हातात आलं, तेव्हा पुढची खोली रिकामी केली. मधोमध सुताराकडून मोठं टेबल करून घेतलं. माझे पेपर तिथे तपासायचे, मुलांचा अभ्यास तिथे, शेजारच्या दोन पोरी तिथे. थोरले दीर आले, टेबल पाहिलं आणि म्हणाले, 'आम्हाला बसायला जागा ठेवली नाहीत.' मी त्यांना त्याच टेबलाशी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पुढे बरीच वर्षं ते आमच्याकडे नुसते दारात उभे राहून बोलले. अजूनही आमच्यात म्हणतात की हिने माणसं तोडली. मी कुणाला उपाशी परत पाठवलं नाही. आजारपणात सगळ्यांचं केलं. चहा, जेवण, मुक्काम, काही कमी पडू दिलं नाही. फक्त वर्षातून एक तास येणाऱ्यासाठी रोज बसणाऱ्याला उठवलं नाही. यात माणसं तोडण्यासारखं काय होतं, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. ताई माहेरपणाला माझ्याकडे यायची तेव्हा सकाळी उठून आधी त्या टेबलाशी बसायची, पेपर पसरायची आणि चहा तिथेच मागायची. दीर रागावले त्याचं वाईट वाटतं. टेबल हलवलं नाही याचं वाटत नाही.

बाबांना पटवायचं असेल तर त्यांना महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला घेऊन जा. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती, आणि त्यातली बरीच ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं. अनोळखी माणूस येतो, बाहेरच्या खोलीत बसतो, वाचतो. त्या घरांचा मान कमी झाला का, ते बाबांनी तिथे बसूनच सांगावं. तुझ्या जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तर जवळच आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. एका गावाने वेळ राखली. तुला एक खोली राखायची आहे. आणि कर्मवीर अण्णांचं, भाऊराव पाटलांचं, बोर्डिंग इथे साताऱ्यात उभं राहिलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. तुझ्या बाबांकडे तू एक सोफा हलवायला मागते आहेस.

आता कामाचं. २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर होतं, तिथे पेन्सिलीने रेघ मार. प्लगपॉइंट रेघेच्या वर घे, वायरमनला परत बोलवावं लागलं तरी चालेल. प्लायवुडची कपाटं करू नकोस, पाण्याने फुगतात. लोखंडी मांडणी आण, ती धुता येते. टेबलं घडीची हवीत. वरच्या फळीवर पुस्तकं, खालच्या फळ्यांवर भिजलं तरी चालेल असं सामान. आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी आली की पोरींनी मिळून पुस्तकं माडीवर न्यायची, हे आधीच ठरवून ठेव. भिंतींना प्लास्टिक पेंट लावू नका, आत ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. चुना द्या. मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे राहू दे. प्रत्येकीला टेबलाची दोन फूट रुंदी पुरते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पोरीच्या डाव्या अंगाला खिडकी येईल असं बसव, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

शोकेस फोडू नका. आतल्या बाहुल्या काढा आणि पुस्तकं लावा.

पाहुण्यांसाठी दाराजवळ एक सतरंजी आणि दोन खुर्च्या ठेव. पण पाहुणे आले की पोरी उठणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच घरात सगळ्यांसमोर बोलून घे. यात नमतं घेऊ नकोस. एकदा उठल्या की नेहमी उठवल्या जातील, आणि दिवाळीपर्यंत चादर परत सोफ्यावर असेल. खोली तिची, जी तिथे रोज बसते. पाहुणा कितीही मोठा असो. तुला बघायला येणारे असले तरीही. ते तुला त्या खोलीत काम करताना बघतील, आणि त्यांना ते खटकलं तर लग्नाआधीच कळेल.

आणि बाबांशी भांडू नकोस. तेही एका खोलीच्या घरातून वर आले आहेत, तो सोफा त्यांनी कष्टाच्या पैशाने घेतला आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांची खुर्ची खिडकीपाशी ठेव. संध्याकाळी पेपर घेऊन रोज तिथे बसू देत. ते रोज बसले तर खोली त्यांचीही, त्यात माझं काही म्हणणं नाही. आईला मात्र आधी विचार, तिला कुठे बसायचं आहे. ती गप्प आहे असं लिहितेस. पण तिला कुणी विचारलं आहे का?

पुढच्या पत्रात 'बरोबर वाटतं' वगैरे नको. खोलीची लांबी-रुंदी, खिडक्या कोणत्या दिशेला आणि जमिनीपासून किती उंच, दार आत उघडतं की बाहेर, आणि पाण्याची रेघ किती फुटांवर, एवढं मोजून कळव. टेबलांचं माप मी काढून देते. इथला आमचा सुतार सागवानी जुन्या फळ्या राखून आहे, त्याला मी थांबवून ठेवलं आहे.

तुझी,
मावशी