व्हॉल्व्हने ऐकलं नाही, तर कंट्रोलर काय करणार?

री-रोलिंग मिलमध्ये भट्टीच्या हवेचा कंट्रोल व्हॉल्व्ह अधूनमधून अडकतो. पीआयडी (तापमानातला फरक बघून व्हॉल्व्ह हलवणारा नेहमीचा कंट्रोलर) कितीदा ट्यून केला, तापमान वर-खाली होतंच. रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे करून बघत स्वतः शिकणारा कंट्रोलर, बसवावं का? (मेंटेनन्स इंजिनिअर, जालना)

आत्ता नको. शिफ्ट इन्चार्जला सांगून लूप मॅन्युअलवर घ्या (म्हणजे कंट्रोलर बाजूला), व्हॉल्व्हला जाणारं आउटपुट हाताने एकेक टक्क्याने वाढवा आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर नजर ठेवा. चार टक्के वाढवूनही दांडा हलला नाही आणि पाचव्याला टुणकन उडी मारली, तर दोष घर्षणाचा. दांडा अडकलेला असताना पीआयडीतला इंटिग्रल (आतापर्यंतच्या चुकीची बेरीज) साठत जातो, म्हणून उडी हवी त्याच्या पुढे जाते. मग उलट दिशेने तेच. आधी ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीचं सील) आणि पोझिशनर (दांडा सांगितल्या जागी नेणारं उपकरण) बघा. शिकणारा कंट्रोलर बारीक धक्के देऊन हे घर्षण चुकवेलही, पण त्यात व्हॉल्व्ह लवकर झिजेल.

बिघाड आधी माहीत नसताना कंट्रोलर तो ओळखतो कसा? (बी.टेक. विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

खरी मेख इथेच आहे. समजा, टाकीत पाणी सोडताना तुम्ही ५० एकक मागितले, मिळाले ३०. अ‍ॅक्च्युएटरचा (आदेश प्रत्यक्षात आणणाऱ्या भागाचा) जोर ६० टक्क्यांवर आला, की २० ची कायमची तूट पडली? ५० वरच बसून राहिलात तर जन्मात कळणार नाही. ८० मागून बघा: जोर घटला असेल तर ४८ मिळतील, तूट असेल तर ६०. म्हणून शिकताना आदेश हलता ठेवावा लागतो. त्यात जे 'मिळालं' ते बहुधा थेट मोजता येत नाही. टाकीची पातळी किती चढली, यावरून काढावं लागतं.

अ‍ॅक्टर-क्रिटिक या शिकण्याच्या पद्धतीत प्रोग्रामचे दोन भाग असतात: क्रिटिक पुढच्या खर्चाचा (चूक आणि लागणारा जोर यांचा) अंदाज बांधतो आणि अ‍ॅक्टर त्यावरून आदेश ठरवतो. सर्वांत कमी खर्चाचा आदेश हॅमिल्टन-जॅकोबी-बेलमन समीकरणातून मिळतो; अरेषीय प्रणालीसाठी ते सहसा हाताने सुटत नाही, म्हणून उत्तराच्या अंदाजाला न्यूरल नेटवर्क लागतं. पेपर वाचताना ल्यापुनोव्ह सिद्धतेचा (प्रणाली स्थिर राहते हे दाखवणाऱ्या गणिताचा) शेवट नीट वाचा. बऱ्याचदा त्रुटी शून्य होत नाही, एका पट्ट्यात राहते. तो पट्टा तुमच्या कामाला चालेल का, ते तपासा.

शिकता शिकता मशीनच मोडली तर? (नांदेड)

म्हणून आधी सिम्युलेशन. दर फेरीत वेगळा बिघाड घाला: कधी जोर कमी, कधी व्हॉल्व्ह मध्येच जाम. प्रत्यक्ष मशीनवर पीएलसीचे (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचे) इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच मशीन थांबवणारे नियम, जसेच्या तसे ठेवा. शिकणाऱ्या प्रोग्रामला तिथे हात लावू देऊ नका.

फवारणीच्या ड्रोनची एक मोटर बंद पडली तर तो वाचेल का? (शेतकरी, लातूर)

चार पंख्यांचा असेल तर सरळ तोंड धरून उडणं संपलं. उरलेल्या तीन पंख्यांत उंची, दोन्हीकडचा कल आणि तोंडाची दिशा हे सगळं एकदम सांभाळता येत नाही. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दिशा सोडून देण्याचा मार्ग मांडला: ड्रोन स्वतःभोवती गरगर फिरतो, पण हवेत टिकतो. त्यात शिकणारा प्रोग्राम नव्हता, गणित होतं. तुमच्या ड्रोनवर मात्र औषधाची टाकी आहे. ती भरलेली असेल तर उरलेल्या मोटरींना तेवढं वजन पेलेलच असं नाही. म्हणून घेताना विक्रेत्याला विचारा: टाकी भरलेली असताना एक मोटर गेली तर ड्रोन काय करतो?